सातव्या पानावरचा चेहरा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या वस्तीत सकाळपासून ठोकाठोकी सुरू होते. जिन्याखालचे, मोरीमागचे, गच्चीवर पडलेले लोखंडी कूलर अंगणात येतात. त्यांच्या बाजूंना लावलेल्या वाळ्याच्या जुन्या ताट्या उपसल्या की काळं पडलेलं गवत झडतं आणि मागच्या वर्षीच्या पाण्याचा कुबट वास येतो. नवी ताटी ओली केली की दोन दिवस घरभर वाळ्याचा गारवा फिरतो, मग नाकाला सवय होऊन जाते. अंगणातून कोणी ओरडतं, "आलं काय पाणी?" आणि आतून उत्तर येतं, "थेंब थेंब येऊन राहिलं." आमच्याकडे उन्हाळा असा येतो. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं लागत नाही.

यंदा मी ताटीला सुतळी बांधत होतो तेव्हा फोन वाजला. डॉक्टर बाईंचा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आरोग्य प्रकल्पासाठी मी सोळा पानांची एक चित्रकथा केली होती. ऊन लागणं म्हणजे काय, लागलं तर काय करायचं, अशी. उन्हात काम करणाऱ्या लोकांमध्ये वाटण्यासाठी.

"ती पुन्हा छापतोय आपण," त्या म्हणाल्या. "आणि यंदा पोस्टरही करायचंय. सातव्या पानावरचा तो चेहरा आहे ना, तेवढाच मोठा घेऊ. बसस्टॉपवर लावू. खरं सांगू का, लोकांना बाकी पुस्तक आठवत नाही, तो चेहरा आठवतो."

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

"कोणाला विचारून? चित्र तर तुमचंच आहे."

"घरी विचारतो," म्हणून मी फोन ठेवला आणि उरलेली सुतळी बांधली. गाठ नीट बसली. हात कापत होते असं लिहायला बरं दिसेल, पण ते कापत नव्हते. त्या उन्हाळ्यापासून माझं असंच आहे.

मी चित्रं काढून पोट भरतो. गाईडांची मुखपृष्ठं, बियाण्यांच्या पिशव्यांवरची कणसं, एका रविवारच्या पुरवणीत तीन चौकटींची विनोदी पट्टी. सलग सोळा पानं एका माणसाची गोष्ट सांगायला मिळणं हे माझ्यासाठी मोठं काम होतं. बाहेरच्यांना वाटतं, चित्रकथा म्हणजे बसायचं आणि चित्रं काढायची. पण चित्र काढणं हे सगळ्यांत शेवटी येतं. आधी पानं आखावी लागतात. आगपेटीएवढे चौकोन काढून त्यात काड्यांची माणसं उभी करायची आणि बघायचं, डोळा कुठून कुठे जातो. मोठी चौकट म्हणजे वेळ रेंगाळतो. बारीक चौकटी एकाला एक लागून घेतल्या की घाई होते. दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी सुटते तिच्यात खरं तर बरंच काही घडत असतं, ते वाचणारा आपल्या मनाने भरतो. सातवं पान उजव्या हाताला येतं. तिथली शेवटची चौकट अशी हवी की बोट आपोआप पान उलटायला जावं.

माझ्या गोष्टीत गुलाब मिस्त्री नावाचा एक गवंडी होता. सहाव्या पानापर्यंत तो हसत, थट्टा करत, भर दुपारी भिंत बांधतो. सातव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत त्याला ऊन लागलेलं असतं. आठव्यापासून त्याचे सोबती काय काय करतात ते: सावलीत नेणं, कपडे सैल करणं, अंगावर पाणी ओतणं, काखेत बर्फ, पंख्याचा वारा, दवाखाना.

पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी गुलाबच्या कपाळावरून घामाचे टपोरे थेंब उडवले होते. जीभ बाहेर, डोळ्यांभोवती चक्रं. विनोदी पट्टीत आम्ही ऊन असंच दाखवतो. डॉक्टर बाईंनी त्या चौकटीवर पेन्सिलीने फुली मारली.

"घाम काढून टाका. ऊन जोरात लागलं की पुष्कळदा घाम थांबतो. आणि इतका आरडाओरडाही नको. माणूस गप्प होतो, भलतंच बोलतो. त्याचं त्याला काही कळत नसतं."

"मग चेहऱ्यावर काय दाखवू?"

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तिथं कोणी नसल्यासारखा चेहरा."

हे सांगणं सोपं होतं. राग, हसू, भीती, लाज यांना रेषा असतात. भुवई चढते, ओठ मुडपतात. काहीच नसल्याला कुठली रेषा काढायची? मी दोन आठवडे कागद खराब केले. माझा गुलाब कधी झोपाळू दिसे, कधी दारू प्यालेला, कधी नुसताच मठ्ठ.

बाकीचे सगळे चेहरे मला दादानं दिले होते. मिलिंददादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. कामठीला यंत्रमागांवर फिटर होता. टिनाच्या शेडमध्ये वीस-पंचवीस माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथं माणसं चेहऱ्यानं बोलतात. धागा तुटला, मालक आला, चहा सांग, आज लवकर निघू, हे सगळं भुवया, गाल आणि ओठ. वीस वर्षं असं बोलून दादाच्या चेहऱ्याला एक वेगळीच सवय झाली होती. तो घरी साधं मीठ मागायचा तरी अख्खा चेहरा मागायचा.

त्या उन्हाळ्यात वरच्या माझ्या खोलीत बसवत नसे, म्हणून मी खाली छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, कूलरसमोर टेबल मांडलं होतं. दादा कामावरून आला की समोरच्या खुर्चीत बसायचा आणि मी मागीन तो चेहरा द्यायचा.

"दादा, राग दे."

"कोणावरचा? मालकावरचा का तुह्या वहिनीवरचा?"

"फरक असते काय?"

"असते ना बे. मालकावरचा तोंड बंद ठेवून असते." मग स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणायचा. "वहिनीवरचा... तोही तोंड बंद ठेवूनच असते."

"ऐकू येऊन राहिलं मले," सुजाता वहिनी आतून म्हणायची.

आणि मी भराभर काढायचो. एका मोठ्या कागदावर मी हावभावांचा तक्ता केला होता, चोवीस घरांचा. गुलाब हसताना, गुलाब खोटं बोलताना, गुलाबला तहान लागलेली पण उठायचा कंटाळा आलेला. तेवीस घरं भरली होती. काढताना मला एक खोड होती, लहानपणापासूनची. मी जो चेहरा काढत असेन तो माझ्या तोंडावर आपोआप यायचा. दादाला त्याचं फार हसू यायचं. "तू चित्र काढून राहिला का माकडचाळे करून राहिला?" तो विचारायचा. चोविसावं घर रिकामं होतं.

बुद्धपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. वहिनी शेजारणींबरोबर विहारातली खिरीची मोठी पातेली घासायला गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चौकात सिग्नलवर थांबणाऱ्यांच्या सावलीसाठी बांधलेली हिरवी जाळी वाऱ्यानं फाटली होती आणि तिचा फडफड आवाज आमच्या छपरीपर्यंत येत होता. चार वाजले असतील. फाटक वाजलं आणि दादा आत आला. रोजच्यापेक्षा लवकर. चपला न काढता आला आणि खुर्चीत बसला.

मी मान वर न करता म्हणालो, "बरं झालं लवकर आला. लाइट गेली काय तिकडची?"

तो काही बोलला नाही. मी वर पाहिलं.

तोंड किंचित उघडं. गाल सुटलेले. डोळे माझ्याकडे होते, पण माझ्या पलीकडे कुठेतरी लागलेले. त्या चेहऱ्यावर कोणी नव्हतं.

मला काय झालं ते मी अगदी खरं सांगतो. मला आनंद झाला. दोन आठवडे मी त्याला या चेहऱ्यासाठी छळत होतो. रोज तो काहीतरी करून दाखवायचा आणि मी नाही म्हणायचो. आज तो येतानाच तयारी करून आला, असं मला वाटलं.

"वा दादा!" मी म्हणालो. "हेच. हलू नको आता."

तो हलला नाही.

मी नवा कागद घेतला. आधी डोक्याचा गोल, मग खाली आलेली हनुवटी. डोळ्यांच्या पापण्या अर्ध्यावर नव्हत्या, पुऱ्या उघड्या होत्या, मी इतके दिवस तिथंच चुकत होतो. ओठांना कोरड पडून पांढरी रेघ आली होती, तीही घेतली. "मान जराशी डावीकडे घे," म्हणालो. त्यानं घेतली नाही. मला वाटलं, सोंग मोडायचं नाही म्हणून घेत नाही. एक चित्र झालं. मी दुसरं सुरू केलं, जवळून. त्याच्या शर्टाची कॉलर कोरडी होती. रोज तो आला की पाठीला शर्ट चिकटलेला असायचा. आज कॉलरवर मिठाचा पांढरा डाग होता आणि कापड कोरडं ठाक. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, घाम थांबतो. मी ती कॉलर काढली. मिठाचा डागसुद्धा काढला. छान बारकावा सापडला म्हणून खूश झालो.

"माग बंद कर," दादा म्हणाला. शब्द एकमेकांत अडकले होते. "आवाज लय होऊन राहिला."

कूलर आणि ती फडफडणारी जाळी, याशिवाय कुठलाच आवाज नव्हता. मी हसलो. म्हणालो, "थांब ना गा, दोनच मिनिटं."

तिसरं चित्र अर्धं झालं तेव्हा तो खुर्चीतून खाली सरकला. पडला असं नाही. ओलं पोतं भिंतीवरून घसरावं तसा सरकत गेला आणि जमिनीवर बसला. मी टेबल ओलांडून त्याच्या कपाळाला हात लावला. तव्याला लावावा तसा हात मागे आला.

पुढचं सगळं मी बरोबर केलं. त्याचे कपडे सैल केले. बादली आणून अंगावर ओतली. कूलर त्याच्या तोंडाशी ओढला. ओरडून शेजारच्यांना बोलावलं, बर्फ मागवला, काखेत ठेवला, ओली चादर गुंडाळली, ऑटो थांबवला. आठवं पान, नववं पान, दहावं पान. ज्या क्रमानं मी काढलं होतं त्याच क्रमानं. करताना मला प्रत्येक चौकटीची कड दिसत होती. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर म्हणाले, पाणी ओतून आणलंत ते चांगलं केलंत. मग त्यांनी विचारलं, "थंड करायच्या आधी या अवस्थेत किती वेळ होते?"

"आत्ताच," मी म्हणालो. "घरी आले आणि लगेच पडले."

त्यांनी लिहून घेतलं.

वहिनी धावत आली तेव्हा तिच्या हाताला पातेल्यांची राख लागलेली होती. तिनं मला तेच विचारलं आणि मी तिला तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून सोपं गेलं.

दादा अकरा दिवस दवाखान्यात होता. त्यातले पहिले चार दिवस तो कोणालाच ओळखत नव्हता. मी बाहेरच्या बाकावर बसायचो. वहिनी रडली की तिला पाणी आणून द्यायचो, औषधं आणायचो, नातेवाइकांचे फोन घ्यायचो. सगळे म्हणायचे, धाकटा मोठा खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो. दाढ काढताना हिरडीत सुई देतात, मग डॉक्टर चिमट्यानं दाबतो आणि विचारतो, दुखतं का? दाबलेलं कळतं, दुखत नाही. मला सगळं तसं कळत होतं. ऊन आहे, भिंत हिरवी आहे, वहिनीचा श्वास अडकतोय, मी भाऊ आहे.

त्याच बाकावर बसून मी मांडीवर पाटी घेतली आणि पानं पुरी केली. ठरलेल्या दिवशी द्यायची होती. नंतर द्या, असं डॉक्टर बाई नक्की म्हणाल्या असत्या, पण मी त्यांना काही कळवलंच नाही. पट्टी धरून चौकटी आखल्या. सातव्या पानावर येऊन थांबीन असं मला वाटलं होतं. थांबलो नाही. पहिल्या चित्रावर पातळ कागद ठेवला आणि दादाचा चेहरा शाईत गिरवला. त्याला गुलाबच्या मिशा दिल्या. तक्त्याचं चोविसावं घर भरलं. गिरवताना लक्षात आलं की माझा चेहरा हललेला नाही. तेव्हापासून तो हलत नाही. मी आजही चित्रं काढतो, लोक म्हणतात पूर्वीपेक्षा हात चांगला झालाय. हसरी पोरं काढतो, रडकी पोरं काढतो, पण माझं तोंड सपाटच राहतं.

दादा घरी आला तो भिंत धरून. ऊन मेंदूत गेलं की कधीकधी तोल परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शब्दही एकेक करून यायचे, मधे मोठी जागा सोडून. कामठी सुटली. वहिनी शिवणकाम करायचीच, ते वाढवलं. मी वरच्या खोलीत आणि दोन वेळचं जेवण खाली, असं आमचं चालू राहिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्याचा एक गठ्ठा छपरीत पडला होता. पान न पान दादाच्या चेहऱ्यांचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सातव्या पानावरचाही त्याचाच, त्यात वेगळं काय? तो कधी काढला, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं. दादाला त्या दिवसातलं काही आठवत नाही, असं तोच म्हणायचा.

मी मनाशी पुष्कळदा हिशोब केला आहे. आठ मिनिटं असतील, फार तर दहा. त्या आठ-दहा मिनिटांनी काय बिघडलं आणि काय आधीच बिघडून आलं होतं, हे कोणताच डॉक्टर सांगू शकणार नाही. मी विचारलेलंही नाही. विचारायला आधी खरं सांगावं लागलं असतं.

डॉक्टर बाईंच्या फोननंतर दोन दिवस गेले. तो चेहरा माणसाच्या उंचीएवढा होऊन शहरभर उभा राहणार, आणि वहिनी भाजी आणायला जाताना त्याच्यासमोरून जाणार. ती म्हणेल, पाहा बाई, यांनी कसं सोंग आणलं होतं. हे मला ऐकवलं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती मूळ चित्रं घेऊन खाली गेलो. दादा छपरीत खुर्चीत होता. वहिनी त्याच्या शेजारी बसून ब्लाउजला हुक लावत होती.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. जसं घडलं तसं. फाटक वाजलं तिथपासून डॉक्टरांना खोटं सांगितलं तिथपर्यंत. माझा आवाज नेहमीसारखाच होता आणि त्याची मला लाज वाटत होती.

वहिनीनं सुई कापडात खुपसून ठेवली. "किती वेळ?"

"आठ मिनिटं. दहा."

"दहा मिनिटं तुम्ही यायले पाहत बसले?"

"मले वाटलं दादा सोंग करून राहिला."

"आणि मले म्हटलं, आल्याबरोबर पडले." ती उठली. आवाज चढवला नाही. "तीन वर्षं झाले भाऊजी. तीन वर्षं तुम्ही माह्या हातचं जेवून राहिले. एक दिवस नाही वाटलं?"

रोज वाटलं म्हणावं तर ते खरं नव्हतं, मला काही वाटतच नव्हतं. तेही मी तिला सांगितलं. ती आत निघून गेली.

दादानं हात पुढे केला. "दाखव."

मी चित्रं दिली. त्याचा हात हलतो, म्हणून कागदाची कडा थरथरत होती. पहिलं पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसऱ्या अर्ध्या चित्रावर तो बराच वेळ थांबला. पूर्वीचा दादा असता तर त्याच्या चेहऱ्यावरून मी सगळं वाचलं असतं. आता त्याचा चेहरा फारसं बोलत नाही. मला वाट बघावी लागली.

"बरोबर. काढलं," तो म्हणाला.

"दादा, मी..."

त्यानं मान हलवून मला गप्प केलं. बोलायचं असलं की त्याला आधी श्वास जमवावा लागतो. "मले. आठवते. थोडं."

"काय आठवते?"

"कामठीचा. स्टॉप. लाइट गेल्ती. माग बंद. मी. उभा होतो. लय वेळ. ऑटो नव्हता. सावली नव्हती." तो थांबला. दाराआड वहिनी येऊन उभी राहिल्याचं मला तिच्या पावलांवरून कळलं. "लोकं होते गा. पाच-सहा. माह्याकडं. पाहून राहिले होते. एक जण. म्हणे, काका. लय. लावून आले काय. सगळे हासले."

हे त्यानं तीन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

"काहून नाही सांगितलं दादा?"

"काय सांगू." त्यानं पहिलं चित्र माझ्याकडे परत दिलं. "हे. तिथं लाव म्हणा. कामठीच्या. स्टॉपवर. पाहतीन. तं समजन त्याइले."

मी डॉक्टर बाईंना फोन केला. चित्र घ्या म्हणालो आणि एका ठिकाणचं नाव सांगितलं. ते चित्र कधी काढलं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "खाली एक ओळ टाकू. 'हा माणूस दारू प्यालेला नाही.'" मी म्हणालो, टाका.

त्यानंतर सुजाता वहिनी माझ्याशी बोलली नाही. जेवणाची वेळ झाली की झाकलेलं ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवून जायची. मी ते उचलून वर न्यायचो आणि घासून परत तिथंच ठेवायचो. भाजीत मीठ-तिखट पूर्वीइतकंच असायचं. एका दुपारी ताटात आंब्याच्या रसाची वाटीही होती. त्यावरून मी काही समजायचं नाही असं ठरवलं. दादाजवळ मी रोज संध्याकाळी तासभर बसतो. तो बोलतो त्यातलं निम्मं बोलण्याच्या मधल्या जागेत असतं. मी ती भरत नाही. तो पुढचा शब्द आणीपर्यंत थांबतो.

मे उजाडला. पोस्टर लागल्याचा डॉक्टर बाईंचा निरोप आला. मी बघायला गेलो नाही. कामं होती, म्हणजे काढली असती तर होती. गेल्या शनिवारी दुपारी मी वरच्या खोलीत खिडकीला ओला टॉवेल बांधत होतो, तेव्हा फाटक वाजलं. वहिनी होती. दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. हातात पिशवी नव्हती, म्हणजे बाजारातून आलेली नव्हती. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं वर बघितलं.

"भाऊजी."

महिनाभरानं हाक आली होती. मी खिडकीतून वाकलो.

"कामठीले जाऊन आली मी," ती म्हणाली. "लावलं हाय त्याइनं. चांगलं मोठं हाय. पण खालची अक्षरं लहान हायेत. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं वाचता येत नाही. मी पलीकडं उभी राहून पाहिलं. नाही येत."

"हो," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी मोठी करा."

"केवढी?"

तिनं हाताचा पंजा उघडून वर धरला. ऊन थेट तिच्या डोक्यावर होतं, अंगणात सावलीचा तुकडाही नव्हता. दुपट्ट्यातून दिसणारे तिचे डोळे लाल झाले होते. ते उन्हानं की कशानं, हे मला इतक्या वरून कळेना. मी जिना उतरू लागलो. मधल्या पायरीवर असतानाच लक्षात आलं की आपण पळतोय.

"एवढी," ती म्हणत होती. "एवढी तं पाहिजेच."

"करतो वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही आधी सावलीत या."